धवल्यासाठी सिंथ

आमची ही म्हणते, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, तुमच्या बुडाला आहे." खोटं नाही. दुकानाच्या गल्ल्यावर मी सलग बसलेला कुणी पाहिलेला नाही. गिऱ्हाईक नसेल तर शटरपर्यंत जाऊन येतो, असेल तर त्याच्याभोवती फिरतो. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली, तीही मी चालता चालता घेतो.

धंदा माझा वाद्यांचा. अलिबागला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. जन्म रोह्याकडच्या बौद्धवाडीतला. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की भीमगीतांच्या मागे पेटी वाजवायची, आणि वाजवून वाजवून ती बिघडली की आपणच उघडायची, असं शिक्षण झालं. पुढे पेटीवरून बेंजोवर आलो, बेंजोवरून कीबोर्डवर. आता मुलगा म्हणतो, बंद करा, लोक मोबाइलवर मागवतात. मागवतात खरं. मग बिघडलं की माझ्याकडेच आणतात आणि मोबाइलवाल्याचा राग माझ्यावर काढतात.

माझी एक खोड मात्र धंद्याला मारक आहे. वाद्य विकलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. ते कुठे वाजतंय, कसं वाजतंय, जनरेटरवर टिकलं का, या विचारानं जेवण गोड लागत नाही. मग स्कूटर काढायची आणि कुणाच्या तरी हळदीत आगंतुकासारखं मांडवाच्या कडेला जाऊन उभं राहायचं. कितीतरी अनोळखी नवरदेवांच्या घरी मी पंगतीला बसलोय. लोकांना वाटतं, मी नवरीकडचा.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की लोक त्या यंत्राला एकाच कंपनीच्या नावानं हाक मारतात, पण त्यात दोन जाती आहेत. कीबोर्डात बासरी, सनई, ढोलकी असे तयार आवाज भरून ठेवलेले असतात. बटण दाबा, बासरी हजर. सिंथेसायझर, म्हणजे आमच्या भाषेत सिंथ, आवाज स्वतः तयार करतो. त्याच्या अंगावर फिरवायची बटणं असतात. एकानं आवाज जाड होतो, एकानं गाळला जातो, एकानं तो गोल गोल फिरायला लागतो. बासरी मागाल तर मिळणार नाही, पण जगात नसलेला आवाज मागाल तर कदाचित मिळेल. हळदीच्या पार्ट्यांना जगात नसलेला आवाज नको असतो, त्यांना धिंगाणा हवा असतो. म्हणून माझ्याकडे विकले जातात कीबोर्ड आणि धूळ खातात सिंथ.

हे सिंथ येतात कुठून? बंगल्यांतून. मुंबईची मंडळी आमच्याकडे समुद्राकाठी बंगले बांधतात, संगीत करायचं म्हणून यंत्रं आणतात, एक पावसाळा यंत्रं बंद घरात ठेवतात आणि खारी हवा आपलं काम करते. मग बंगल्याचा रखवालदार पोत्यात घालून माझ्याकडे आणतो. स्वस्तात सिंथ घ्यायचा असेल तर अशाच ठिकाणी मिळतो, पण घेताना त्याचं रूप बघू नका. बॅटरीचं झाकण उघडा आणि स्प्रिंगला हिरवट गंज आहे का ते बघा. प्रत्येक बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवा, खरखर आली तर आत धूळ आहे, ती निघते. मधेच आवाज गायब झाला तर मात्र तिथूनच नमस्कार करा. पट्ट्या हलक्या हातानंही दाबून बघा, कारण जोरात दाबल्यावर मेलेलं माणूसही ओरडतं. आणि किती आवाज आहेत हे विचारू नका. रेवदंड्याचा एक बेंजोवाला माझ्याकडून सगळ्यांत जास्त आवाजांचा कीबोर्ड घेऊन गेला आणि आजतागायत त्यातली एकच सनई वाजवतोय.

हे सगळं मी लोकांना सांगतो. पण कल्पनाबाई आली तेव्हा मी स्वतःच हे विसरलो.

कल्पनाबाई खारेपाटातल्या आगरी गावातली. नवरा ट्रेलर चालवतो, ही एका शाळेत खिचडी शिजवते. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. दुकानात आली, पण आत पाऊल टाकेना.

"मना एक मशीन पायजे," ती बाहेरूनच म्हणाली. "आमचे आतेच्या गल्याला टेकू होईल, यवरी."

"आते गाते का?"

"धवलारीन हाय."

आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याआधीचे सगळे विधी धवलारीण लावते. हळद दळण्यापासून ती गात असते, देवांना बोलावते, पूर्वजांना बोलावते, आणि तिनं गायल्याशिवाय विधी पुरा होत नाही. त्या गाण्याला धवला म्हणतात. मी हळदीतल्या बेंजोचे कान भरपूर पिळलेत, पण धवल्याच्या जवळ कधी गेलो नव्हतो. ते बायकांचं राज्य.

"आता काय झालं गळ्याला?"

"गला बरा हाय," कल्पनाबाई म्हणाली. "ती गात न्हाय. मागचे लग्नात मधीच उठून गेली. आता बोलतंय, तुझे पोरीचे लग्नात पन गानार न्हाय. गावात दुसरी कोन न्हाय. माझी पोर काय मुकी बोहल्यावर चरवू?"

चरवू म्हणजे चढवू; आगरी जिभेवर ड-ढचा र होतो. खर्चाचं विचारलं तर तिनं हातातला साधा मोबाइल दाखवला. एवढ्या किमतीत बसवा, म्हणाली. लग्नघर होतं, त्याहून जास्त कुठून आणणार?

आणि मी काय केलं असेल? हळद म्हटलं की आमच्या किनाऱ्यावरचा कुठलाही दुकानदार जे करतो तेच. मोठा आवाज, भरपूर ठेके, सनई-बासरी असलेला जुना कीबोर्ड पुसून तिच्या हातात दिला. चार दिवस वापरून बघा, नाही पटला तर परत आणा म्हटलं. हळदीचं गाणं म्हणजे हळदीचं यंत्र, इतका सरळ हिशेब. ती रिक्षात कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत रिक्षामागे चालत गेलो.

संध्याकाळभर मी शटरपर्यंत येरझाऱ्या घातल्या. काहीतरी चुकलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. टेकू कशाला हवा, हे मी विचारलंच नव्हतं. ही म्हणाली, "जा एकदाचे, नाहीतर फरशी झिजेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पलीकडे खाडीचा बांध. कल्पनाबाईच्या ओटीवर माझा कीबोर्ड पाटावर ठेवलेला, त्याला हळदकुंकू वाहिलेलं आणि वर फुलाफुलांची चादर पांघरलेली. देव बसवावा तसा बसवला होता आणि देवासारखाच गप्प होता.

शेजारी आते सुकट निवडत बसली होती. अंगानं काटकुळी, नऊवारीचा काष्टा घट्ट. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आते, हे मशीनवाले काका," कल्पनाबाई म्हणाली.

"यांनी दिला व्हय ह्यो धिंगाना?" आते सुकटीशीच बोलली.

मी हट्टानं चादर काढली आणि बासरी लावून दाखवली. म्हटलं, आते, तुम्ही गाल तेव्हा ही मागून वाजेल.

"पाव्याला काय म्हाईत गावदेवी?" आते म्हणाली.

सनई लावली. आतेनं सुकटीतला एक खडा काढून अंगणात फेकला. तेच उत्तर.

मी ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर असा फिरायला लागलो. माझं असं होतं, मला उत्तर मिळालं नाही की पाय चालू होतात. शेवटी आतेलाच त्याचा त्रास झाला. "अरं बस ना येके जागी. तुला मुंग्या चावल्यान काय?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय बसणार नाही," मी म्हटलं. "मागच्या लग्नातून उठलात का?"

मग तिनं सांगितलं, हात न थांबवता. धवला एकटीनं गायचा नसतो. एक विचारते, दुसरी झेलते. पहिली म्हणते, पयली हलद कोनाला गो? दुसरी उत्तर देते, पयली हलद गावदेवीला. पहिली विचारत असते तेव्हा दुसरी दम घेते, दुसरी सांगत असते तेव्हा पहिली. झेलायला आतेची जोडीदारीण होती, जानकी. दोघी तरुणपणापासून जोडीनं लग्नं लावत होत्या. जानकी गेली त्यानंतर आते दोघींचं गायला लागली.

"मीच विचारतंय न् मीच सांगतंय," आते म्हणाली. "येरी हाय काय मी?"

मागच्या लग्नात असंच झालं. आतेनं विचारलं, पयली हलद कोनाला गो, आणि दम घ्यायला थांबली. तेवढ्या फटीत बेंजोपार्टीतल्या कुणीतरी मस्करीत आपल्या यंत्रावर धिंच्याक वाजवलं. उत्तर म्हणून. सगळा मांडव हसला. आते पाटावरून उठली, पायात चपला घातल्या आणि घरी गेली. ती हळद कुणाच्या नावानं लागली ते कुणाला ठाऊक नाही.

हे ऐकून मी एकदाचा बसलो. हसणाऱ्या मांडवांत मीही कितीदा कडेला उभा असेन. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी दुकानदाराच्या डोक्यात दुसरं चक्र सुरू झालं. हिला साथ नको होती. उत्तर देणारं वाद्य तर नकोच होतं. हिला ती फट धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं, दम घेऊन होईपर्यंत कुणी मधे घुसू नये म्हणून.

"पूर्वी दम घेताना मागे काय वाजायचं?" मी विचारलं.

"काय वाजनार? जातां."

हळद दळता दळता गायचं गाणं ते. गाणं थांबलं तरी जातं थांबत नसे, पाच बायकांचे हात त्याच्या खुंट्यावर असत. आता हळद पुडीतून येते. जात्याला सुपारी बांधायची, पाच फेरे शास्त्रापुरते फिरवायचे, फोटोवाला म्हणतो पुन्हा एकदा, आणि झालं. मग बाकीचा सगळा धवला नुसत्या शांततेवर. त्या शांततेत बेंजोवाल्याला जागा मिळाली.

मी कीबोर्ड उचलला आणि निघालो. कल्पनाबाईला वाटलं, काका रागावले. रस्त्याला लागेपर्यंत मी तिला काही सांगितलंसुद्धा नाही, एवढी घाई झाली होती.

दुकानात माळ्यावर एक सिंथ पडला होता. किहीमच्या बंगल्यातून आलेला, वहीच्या आकाराचा, बटणांनी भरलेला, एका वेळी एकच सूर वाजवणारा. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजते, म्हणून कुणी त्याला हात लावत नव्हतं. हळदीत वाजवायचा तर गाणं व्हायचं नाही, भजनात वाजवायचा तर पेटी बरी. स्वस्त होता, कारण निरुपयोगी होता. बॅटरीवर चालायचा, हे त्यातल्या त्यात बरं. लग्नघरची वीज आणि जनरेटर यांचा भरवसा मी धरत नाही. स्प्रिंगांचा गंज घासला, बटणांत औषध मारलं. त्याचा स्वतःचा स्पीकर रुपयाएवढा, खालचा जाड सूर त्याला पेलवेना, म्हणून दुकानातला एक लहान, बॅटरीवरचाच अँप्लिफायर सोबत घेतला.

पुन्हा ओटी, पुन्हा सुकट. लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं आणि घरात पाहुणे जमायला लागले होते. आतेनं यंत्र बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तर लहान पोर हाय."

मी सगळ्यांत खालची पट्टी दाबली. मधमाशी कानात शिरल्यासारखा आवाज आला आणि ओटीवरची माणसं दचकली. मग मी बटणांना लागलो. गाळणीचं बटण फिरवत गेलो तसा वरचा कर्कशपणा गाळला गेला, खाली जाड सूर उरला. त्यात एका बटणानं खरखर मिसळली, वाळूवर पाऊस पडतो तशी थोडी. ते जातं नव्हतं, ट्रकचं इंजिन होतं. कल्पनाबाईच्या नवऱ्यानं तसं सांगितलंही, आणि त्या बाबतीत त्याचं म्हणणं मानायला हवं.

मग आवाज गोल फिरवणारं बटण. ते लावलं की सूर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. लावलं, आणि इंजिन फिरायला लागलं. मी वर न बघता बटणं फिरवत होतो. सुकटीची सळसळ कधी थांबली ते मला कळलं नाही.

"हलू," आते म्हणाली.

मी फेरा हळू केला.

"आजून हलू. हलकुंडा दलताव का रवा? हलद कठीन असतंय, हात जर होतंय."

अजून हळू केला. आतेनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. तिचा उजवा हात आपोआप फिरायला लागला, मूठ वळलेली, खुंटा धरल्यासारखी. आता प्रश्न सुराचा राहिला. आतेनं गुणगुणून दाखवलं, तर तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे. कीबोर्डवाल्या पार्ट्यांनी तिला आयुष्यभर बेसूर ठरवलं असणार. या लहान पोराला मात्र सूर चढवा-उतरवायचं एक वेगळं बटण होतं, ते मी तसूतसूनं फिरवत तिच्याजवळ नेलं. जुळलं त्या क्षणी आतेनं डोळे मिटले.

"जानके," ती म्हणाली. एवढंच. ती गायली मात्र नाही. मी वाट पाहिली, चहा झाला, दुसरा चहा झाला. उठताना विचारलं, लग्नात गाल ना? तर म्हणाली, "बघू."

बटणं हलू नयेत म्हणून मी सगळ्यांवर चिकटपट्टी लावली. कल्पनाबाईला एकच पट्टी दाखवली आणि सांगितलं, ही दाबून धरायची, आते थांबली तरी सोडायची नाही. तिनं पापड लाटायच्या हातानं ती दाबली. मी म्हटलं, हलकेच, पोर आहे ते.

पुढचा आठवडा माझा कसा गेला ते हिला विचारा. एका गिऱ्हाइकाला मी चुकीची तार विकली, दुसऱ्याला पेटी समजावताना मधेच बाहेर निघून गेलो. आते गाईल का? बॅटरी टिकेल का? खाऱ्या हवेनं स्प्रिंग पुन्हा दगा देईल का? आणि त्या मुलीचं काय? यंत्र बिघडलं तर दुरुस्त करता येतं. भर मांडवात धवलारीण दुसऱ्यांदा उठून गेली तर ते कुणी दुरुस्त करायचं? मी आमंत्रणाची वाट बघितली नाही. हळदीच्या दिवशी सकाळी खिशात नव्या बॅटऱ्या घालून निघालो.

मांडवात सवाष्णी जमल्या होत्या. जात्याला सुपारी बांधलेली, फोटोवाला तयार. बेंजोपार्टी कोपऱ्यात तारा जोडत होती, दुसरीच पार्टी, पण मला त्यांचाही राग आला. मी बांबूला टेकून उभा राहिलो आणि लगेच दुसऱ्या बांबूपाशी गेलो. नवरी पाटावर, तिच्यामागे कल्पनाबाई, तिच्या मांडीवर माझा सिंथ टॉवेलात गुंडाळलेला, पायाशी अँप्लिफायर. आते पांढरं लुगडं नेसून समोर बसली होती, तोंड मिटून.

पाच फेरे झाले. जातं थांबलं. कल्पनाबाईनं हळदीनं माखलेल्या बोटानं पट्टी दाबली.

घरघर सुरू झाली. सवाष्णींनी जात्याकडे पाहिलं, ते तर थांबलेलं. एक म्हातारी हात पुढे करून खुंटा चाचपायला लागली. बेंजोवाल्यांनी माना वर केल्या. आतेची मूठ वळली, हात फिरायला लागला, आणि तिनं धवला उचलला. आवाज चिरका होता, थरथरत होता, पण यंत्राच्या सुरावर नेमका टेकून होता. एक कडवं गेलं, ती दम घ्यायला थांबली आणि घरघर चालत राहिली. कुणी हसलं नाही. मी पहिल्यांदाच एका बांबूपाशी स्थिर उभा होतो.

मग ते कडवं आलं. "पयली हलद कोनाला गो?" आतेनं विचारलं आणि थांबली. दम घेतला. नेहमीप्रमाणे आता तीच सांगणार होती. पण ती सांगेना. ती कल्पनाबाईकडे बघत राहिली. यंत्र फिरत होतं, फिरत होतं, त्याला उत्तर ठाऊक नव्हतं. माझा हात खिशातल्या बॅटऱ्यांवर गेला, त्यांचा तिथं काय उपयोग होता देव जाणे.

"पयली हलद," कल्पनाबाई म्हणाली. नुसती बोलल्यासारखी. मग गळा साफ करून, भलत्याच सुरात, पण गाऊन, "पयली हलद गावदेवीला."

आतेनं मान हलवली आणि पुढचं विचारलं. कल्पनाबाईनं झेललं. लेकीच्या अंगाला हळद लावायला तिनं हात उचलला तेव्हा पट्टीवरचं बोट सुटलं आणि घरघर बंद पडली. तिला ते कळलं नाही. आतेला कळलं असेल, पण ती गात होती. मला कळलं, कारण ते माझंच काम होतं. मांडवात दोन बायकांचे आवाज तेवढे उरले होते, एक सुरात आणि एक त्याच्या आसपास. मी तिथंच डोळे पुसले. बेंजोवाल्यानं मला पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मी मुलीचा मामा.

पावसाळा तोंडावर असताना कल्पनाबाई दुकानात आली. या वेळी सरळ आत. टॉवेलात गुंडाळलेला सिंथ आणि अँप्लिफायर तिनं काउंटरवर ठेवला.

"ह्यो घ्या परत. आते बोलली, ज्याला नर हाय, गरज हाय, त्याला द्या."

माझं तोंडच उतरलं. या धंद्यात परत आलेली वस्तू म्हणजे बिघडलेली वस्तू. मी चिकटपट्ट्या तपासल्या, झाकण उघडून स्प्रिंग बघितली, पट्टी दाबली. घरघर जशीच्या तशी, फेऱ्याला फेरा. मला राग आला. इतका जीव लावलेलं यंत्र.

"याच्यात खोट काय आहे ते तरी सांगा," मी म्हटलं.

"खोट काय न्हाय, काका." तिनं टॉवेलाची घडी घातली. "मी हाय ना आता."

पुढल्या हंगामाची दोन लग्नं दोघींना सांगून आली होती. आते घरी तिचा रोज पाणउतारा करते, म्हणाली, सूर लागत नाही म्हणून. ते सांगताना तिचा चेहरा असा होता की पाणउताराच मिळावा म्हणून ती जन्मभर थांबली असावी.

ती गेल्यावर मी फडकं घेऊन यंत्र पुसायला बसलो. सगळ्यांत खालची पट्टी पिवळी झाली आहे, बोटाएवढ्या जागेत. साबण लावला, औषध लावलं. हळद प्लास्टिकवरून निघत नाही.